फळीवरून घरंगळलेलं मत

आमच्या कारखान्यात मत द्यायचं तर काचेची गोळी लागते, आणि ती ज्याची त्याने स्वतःच्या हाताने बनवलेली असावी लागते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हे मला सांगण्यात आलं, तेव्हा वाटलं, नव्या माणसाची फिरकी घेतायत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी इथल्या तपासणी खोलीत रुजू झाले होते आणि भट्टीवाल्यांचं तोवर माझं नाव ‘परीक्षानळी’ ठेवूनही झालं होतं. त्यामुळे संशय घ्यायला जागा होती.

पण ते खरं होतं. आमचा कारखाना बरण्या आणि बाटल्या बनवतो. त्याला मालक नाही. काम करणारे सगळे सभासद हेच मालक. मोठा निर्णय असला की सभा भरते. टेबलावर दोन बरण्या ठेवतात, एक पांढरी आणि एक निळी. होकार असेल तर गोळी पांढरीत, नकार असेल तर निळीत. त्याआधी अध्यक्ष प्रत्येकाची गोळी एका उतरत्या फळीवरून सोडतात. सरळ खाली आली तर पास. वाकडी गेली तर तुमचं मतही गेलं.

“आणि ज्यांना गोळी बनवता येत नाही त्यांचं काय?” मी मावशीला विचारलं.

“ते टाळ्या वाजवतात,” मावशी म्हणाली.

मावशी पॅकिंगमध्ये होती. मी शाळेत जायला लागायच्याही आधीपासून. बरणीला कागद गुंडाळायचा, पेटीत पेंढा भरायचा, बरणी अशी बसवायची की पेटी जिन्यावरून गडगडली तरी आत टवका उडू नये. पॅकिंगवाले सभासद होते, पण त्यांना भट्टीजवळ जायला मनाई होती. भाजण्याचा धोका म्हणून. भट्टी नाही तर गोळी नाही, गोळी नाही तर मत नाही. हे सगळं इतकं सरळ मांडलेलं होतं की त्यात कुणाला अन्याय दिसायचा नाही. जसा उतारावरून पाणी खाली जाण्यात दिसत नाही.

मावशीलाही इतकी वर्षं दिसला नव्हता. मग एक दिवस सूचनाफळ्यावर कागद लागला: पुढच्या सभेत पॅकिंग विभाग गावाबाहेरच्या गोदामात हलवण्यावर मतदान होईल, म्हणजे इथल्या जागेत दुसरं यंत्र बसेल.

मावशीचं घर कारखान्याच्या मागच्याच गल्लीत. घरी काका. काका शिंपी होते. कमरेचं हाड मोडल्यापासून खुर्चीत. दुपारच्या सुट्टीत मावशी धावत घरी जायची, त्यांना उठवायची, जेवू घालायची, परत बसवायची आणि भोंगा व्हायच्या आत पेंढ्यात हजर. काकांना एकटं सोडायची सोय नव्हती. एकदा त्यांनी एकट्याने चहा करायचा घाट घातला आणि चहाबरोबर मापाची टेपही उकळली. गोदाम गावाबाहेर गेलं तर मावशीचं दुपारचं घरी येणं संपलं. म्हणजे नोकरीच संपली.

“सभेत बोल ना,” मी म्हटलं.

“बोलून काय करू? बरणीत शब्द टाकायचे?”

* * *

मला मात्र मत होतं. तपासणी खोली भट्टी विभागात मोडते, म्हणून. फक्त गोळी बनवायची होती. मला वाटलं, काच किती तापमानाला मऊ होते ते मला पाठ आहे, त्यात काय एवढं.

माझी पहिली गोळी बटाट्यासारखी झाली. दुसरी बटाट्याच्या भजीसारखी. तिसरी सळईला चिकटली ती अजून तिथेच असेल. आजूबाजूला भट्टीवाले उभे होते, सगळे आपापल्या यंत्राच्या काट्यांकडे अगदी मन लावून बघत. बाटल्या आता यंत्रच फुंकतं. माणसं तापमान बघतात, बटणं दाबतात. मी एकाला म्हटलं, “दादा, जरा दाखवा ना कशी करायची.”

त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. “माझं आता जरा काम आहे,” तो म्हणाला. आणि मग हळूच, “उस्तादांकडे जा. पण मी सांगितलं म्हणू नकोस.”

उस्ताद म्हणजे कारखान्यातला शेवटचा फुंकणीवाला, तोंडाने काच फुंकणारा. निवृत्त होऊनही घरी बसवत नाही म्हणून मागच्या अंगणात एक छोटी भट्टी पेटवून बसायचे, फुटक्या नळ्या जोडून द्यायचे. त्यांचं सभासदत्व तहहयात होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी फळीवरचा साखरेचा जुना डबा काढला, झाकण उघडलं आणि एक देखणी, पाण्यासारखी स्वच्छ गोळी माझ्या हातावर ठेवली.

“घे. आणि कुणाला सांगू नकोस.”

“पण ही तर तुम्ही—”

“चहा पाजशील का?”

मी चहा पाजला. गोळी खिशात घालून तपासणी खोलीत आले आणि सवयीने ताणदिव्यावर ठेवली. आमच्याकडे काचेतला ताण बघायचा एक दिवा असतो: दोन गडद पडद्यांमध्ये काच धरायची, ती घाईने थंड केलेली असेल तर आत रंगीत पट्टे दिसतात. उस्तादांच्या गोळीत एक सुंदर फुली दिसली, मोराच्या रंगांची, मधोमध नाही, किंचित डावीकडे सरकलेली. उस्ताद शेवटचा वळसा डावीकडे देतात आणि चहाच्या घाईत गोळी वेळेआधी बाहेर काढतात. माणसाच्या दोन सवयी एकत्र आल्या की सही तयार होते.

आता खरं म्हणजे मी तिथेच थांबायला हवं होतं. पण एक नमुना म्हणजे काहीच नाही, हे डोक्यात इतकं बसलेलं आहे की हात शिवशिवायला लागले. गोळ्यांमध्ये बुडबुडे आहेत का ते बघायचंय, असं सांगून मी ज्याची त्याची गोळी एकेक करून मागून आणली. ती भट्टीवाल्या दादाची: डावीकडे फुली. त्याच्या शेजारच्याची: डावीकडे फुली. घिसाई विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे ‘चकाकी’ म्हणतात, त्यांची: आरशासारखी घासलेली, पण आत तीच फुली. शेवटी अध्यक्षांची. त्यांना सगळे कलमराव म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य कलमाने सुरू होतं. घरी भाजी अळणी झाली तरी ते कुठल्यातरी कलमाखाली झाली असणार. नियमांचा असा पक्का माणूस मी दुसरा पाहिला नाही.

डावीकडे फुली.

* * *

“म्हणजे सगळेच?” मावशीने हातातला पेंढा खाली ठेवला.

“सगळेच.”

“मग आपण पण घेऊ की त्याच्याकडून,” शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली. तिला पॅकिंगमध्ये ‘चिवचिव’ म्हणायचे.

मावशी त्या संध्याकाळीच मला घेऊन अंगणात गेली. उस्तादांनी तिला बघितलं आणि सरळ डब्याकडे हात नेला.

“राहू दे तो डबा,” मावशी म्हणाली. “एवढी वर्षं सगळ्यांना गोळ्या वाटल्यात. आम्हाला का नाही?”

उस्ताद चकित झाले. “तुमच्यापैकी कुणी मागितलीच नाही.”

हे उत्तर मावशीला फार लागलं. घरी पोचेपर्यंत ती तेच वाक्य स्वतःशी पुटपुटत राहिली. पॅकिंगवाल्यांची एकच चूक झाली होती: अख्ख्या कारखान्यात नियम खरा मानणारे तेवढेच होते.

दुसऱ्या दिवशी ती परत अंगणात गेली. “मला गोळी नको. बनवायला शिकवा.”

“शिकवू?” उस्तादांनी तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. “मला आजवर कुणी हे म्हटलेलं नाही बाई. सगळे गोळीच मागतात.”

मग रोज काम सुटल्यावर मावशी शिकायला लागली. मनाई आतल्या भट्टीची होती, अंगणातल्या भट्टीबद्दल नियमात काही नव्हतं. काकांना सोबत म्हणून मी त्यांची चाकाची खुर्ची ढकलत अंगणात आणायचे. ते लांब बसून सूचना द्यायचे. “अगं, सळई फिरव, सळई! बॉबिन फिरवतात तशी!”

“तुमची बॉबिन उकळली नाही ना कधी? टेप तेवढी उकळली,” मावशी वळून न बघता म्हणायची.

सळईच्या टोकावर वितळलेली काच मधासारखी ओघळते. ती सतत फिरवत ठेवायची, ओल्या लाकडाच्या वाटीत घोळवायची, वाफ चेहऱ्यावर घ्यायची, आणि हात थांबला की संपलंच. हात चालू असताना उस्ताद बोलायचे. त्यांच्याकडून मला कारखान्याचा इतिहास कळला, आणि तो शाळेच्या पुस्तकातल्या इतिहासासारखाच निघाला. आधी जमीनदारांना मत, मग पुरुषांना, मग बायकांना, हे आम्ही तारखांसकट पाठ केलं होतं. आतून ते कसं झालं असेल हे पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

“सुरुवातीला मत फक्त ज्यांनी भट्टीच्या विटा रचल्या त्यांना,” उस्ताद म्हणाले. “आम्ही हाताखालचे. आम्ही ओरडलो, आम्हालाही पाहिजे. ते म्हणाले, हातात कसब असेल त्याने यावं, गोळी बनवून दाखवावी. दाखवली. झालं.”

“मग फळी कुणी आणली?” मी विचारलं.

“आम्हीच.” उस्तादांनी कान खाजवला. “घिसाईवाले मागायला लागले ना मत. आम्ही म्हटलं, गोळी सरळ घरंगळली पाहिजे. वाटलं, यांना कुठली जमायला. त्यांनी घासून घासून आमच्यापेक्षा गोल आणल्या! मग घिसाईतल्या बायका आल्या. घिसाईतले पुरुष म्हणाले, बायकांच्या गोळ्या लहान असतात. कडं आणलं मोजायला. बायकांनी अशा मोठ्या आणल्या की कड्यातून जाईनात. ते कडं आता खिडकी अडकवायला वापरतात.” ते हसले. “दार उघडून आत आलेला माणूस पहिलं काम काय करतो? कडी लावतो.”

“आणि गोळ्या तुम्ही वाटायला कधी लागलात?”

“यंत्र आलं तेव्हापासून. पोरांच्या हातातली कला गेली. एकेक जण येऊन रडायचा, उस्ताद, मला एकट्यालाच येत नाही हो, कुणाला सांगू नका. मी कशाला सांगू?”

मी आणि मावशीने एकमेकींकडे पाहिलं.

“एकट्यालाच?” मावशी म्हणाली.

“प्रत्येकाला तसंच वाटतं,” उस्ताद म्हणाले. “थांबू नकोस, फिरव!”

* * *

सभेच्या दिवशी जेवणाच्या मोठ्या खोलीत सगळे जमले. भिंतीला लागून पॅकिंगवाल्या, टाळ्या वाजवायच्या जागी. काकांची खुर्ची दाराशी. फळी टेबलावर टेकवून ठेवलेली, पायथ्याशी मऊ कापड.

कलमराव उठले. “कलम एकप्रमाणे सभा सुरू झाली आहे. मतदारांनी गोळ्या घेऊन पुढे यावं.”

भट्टीवाले आले, घिसाईवाले आले. गोळ्या एकामागून एक सरळ रेषेत खाली आल्या, सुंदर. मग रांगेच्या शेवटी मावशी जाऊन उभी राहिली.

“तुम्ही इकडे कुठे?” चकाकी म्हणाले.

“मत द्यायला.”

“पॅकिंगवाले? अहो, पेट्या काय, कुणीही भरेल! मत देणं म्हणजे पेंढा कोंबणं आहे का?”

“तुमच्या डोक्यात कुणी कोंबला, त्याला विचारा,” मावशी म्हणाली, आणि भिंतीकडून चिवचिव एवढ्या जोरात हसली की कलमरावांना टेबल ठोकावं लागलं.

“कलम चारप्रमाणे,” ते म्हणाले, “जो गोळी दाखवेल त्याच्या गोळीची तपासणी होईल. मग तो कुणी का असेना.” या माणसाचं हे मला आवडतं. त्यांनी मावशीची गोळी घेतली. ती हिरवट होती, एका बाजूला चपटी, आत एक बुडबुडा, मिटलेल्या डोळ्यासारखा. त्यांनी ती फळीवर सोडली. ती दोन गिरक्या घेऊन डावीकडे वळली, काठावरून उडी मारून जमिनीवर पडली आणि खुर्च्यांखालून घरंगळत थेट काकांच्या चाकाला जाऊन लागली.

“माझ्याकडे आली!” काका आनंदाने ओरडले.

“नापास,” चकाकी म्हणाले.

मावशीने पदर खोचला. “कलमराव, चारच्या आधी तीन येतं ना? तेवढं एकदा मोठ्याने वाचा.”

कलम वाचायला सांगितलं की कलमरावांचा चेहरा उजळतो. त्यांनी घसा साफ केला. “कलम तीन. मतदाराने आपली गोळी स्वतःच्या हाताने…” इथे त्यांचा वेग कमी झाला. “…बनवलेली… असली पाहिजे.”

“बस. माझी वाकडी आहे, पण माझी आहे. आता प्रत्येकाने उस्तादांकडे बघून फक्त एवढं म्हणायचं, ही मी बनवली. मग मी घरी जाते.”

एकाने उस्तादांकडे पाहिलं आणि लगेच छताकडे. दुसऱ्याला अचानक बुटाची नाडी सुटल्याचं आठवलं.

“माझ्याकडे काय टकामका बघताय?” उस्ताद म्हणाले. “मी काय भिंतीवरचं घड्याळ आहे?”

मला माहीत होतं. ताणदिवा बाजूच्याच खोलीत होता. मी आणून टेबलावर ठेवला असता तर दोन मिनिटांत सगळ्यांच्या फुल्या चव्हाट्यावर आल्या असत्या. मी उठलेही. मावशीने नुसती मान हलवली, आणि मी परत बसले.

बोलले ते कलमरावच. त्यांनी आपली गोळी खिशातून काढली आणि तळहात उघडला. “ही… माझी नाही. उस्तादांची आहे. मला बनवता येत नाही. एवढी वर्षं मला वाटत होतं, इतक्या प्रामाणिक लोकांत मीच एकटा लबाड. म्हणून बाकीचे नियम मी… जरा जास्तच पाळले.”

“तुम्ही पण?” चकाकींच्या तोंडून निघून गेलं.

त्या ‘पण’नंतर लपवायला काही उरलं नाही. आधी कुणीतरी खुसकन हसलं, मग सगळी खोली. नाडी बांधणारा दादा तर डोळे पुसत होता. “मी तर दर सभेच्या आधी रात्र रात्र झोपत नव्हतो रे!” तो शेजाऱ्याला सांगत होता, आणि शेजारी म्हणत होता, “अरे, मी पण!”

हसणं ओसरल्यावर चकाकी म्हणाले, “पण मग आता सभेचं काय? मतदार कोण?”

कलमरावांनी नियम डोक्यातल्या डोक्यात खालीवर पाहिले. “कलम तीन आणि चार, दोन्ही पूर्ण करणारा एकच सभासद आहे.” ते उस्तादांकडे वळले. “तुम्ही.”

“म्हणजे इतकी वर्षं सगळी मतं मी एकट्यानेच दिली?”

“काटेकोर बोलायचं तर, हो.”

“मला विचारायचं तरी,” उस्ताद म्हणाले. “कित्येकदा मी स्वतःच्याच विरुद्ध गेलो असेन.” ते उठले. “तर राजाची आज्ञा अशी. कलम तीन रद्द, चार रद्द. जो इथे काम करतो त्याला मत. गोळ्या माझ्या डब्यातून न्याव्यात, त्या सरळच जातात. आता माझी चहाची वेळ झाली.”

आणि त्यांनी आपली गोळी पांढऱ्या बरणीत टाकली. टण्ण. एवढ्या मोठ्या खोलीत तेवढाच आवाज. कलमरावांनी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं आणि गोदामाचा प्रश्न पुढच्या आठवड्यावर ढकलला.

* * *

मावशीला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी चिवचिव तिच्या टेबलाशी आली. “मावशी, राग मानू नका. मी पांढऱ्या बरणीत टाकणार. नवीन गोदाम माझ्या घराजवळ आहे. खिडक्या पण आहेत.”

“तुला मत मी मिळवून दिलं!”

“हो ना. म्हणूनच देणार,” चिवचिव म्हणाली.

मावशीने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला, तिसऱ्या दिवशी तिला विचारलं की खिडक्या इथेच पाडून घेतल्या तर? मग ती टेबलाटेबलावर गेली, भट्टीवर गेली. तिथे तिने विचारलं, सुट्या बाटल्या गावाबाहेर जायच्या तर गाडीपर्यंत वाहणार कोण? गाडी भरणारे फक्त बांधलेल्या पेट्या उचलतात, म्हणजे तुम्हीच ना? हा विचार भट्टीवाल्यांना आधी सुचला नव्हता आणि सुचल्यावर मुळीच आवडला नाही. मावशी चकाकींकडेही गेली. ते पेंढ्यावरून बोलले, ती त्यांच्या चकचकीत टकलावरून बोलली, आणि शेवटी दोघांनी मिळून चहा घेतला.

मतदानाच्या दिवशी निळी बरणी पांढरीपेक्षा दोन बोटं वर भरली. चिवचिवची गोळी पांढरीत पडताना मावशीने पाहिली आणि तोंड फिरवलं. पण संध्याकाळी खिडक्यांचा अर्ज तिने चिवचिवलाच लिहायला सांगितला.

त्या रविवारी मी जेवायला मावशीकडे होते. काकांनी हिरवट गोळी खिडकीत ठेवली होती, पाहुण्याला आधी ती दाखवायचे, मग पाणी. मावशी वाढत असताना मी म्हटलं, “मावशी, गाडी भरणाऱ्यांचा मुकादम भेटला होता. म्हणतो, आम्हीही रोज इथेच काम करतो. आम्हाला मत का नाही?”

“ते?” मावशीने डावाने वरण ढवळलं. “ते तर ठेकेदाराचे. आणि पेट्या काय, कुणीही उचलेल!”

काका घास हातात धरून थांबले. मग त्यांच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं. “अगं,” ते म्हणाले, “घरात चकाकी कधी आले? मला दिसले नाहीत.”

मावशी लाल झाली. डाव वरणात तसाच राहिला. खिडकीतल्या गोळीकडे तिने असं पाहिलं जसं त्या गोळीनेच चुगली केली असावी.

“जेवा गुपचूप,” ती काकांना म्हणाली. मग माझ्या पानात भात वाढताना, “उद्या दुपारी पाठव त्या मुकादमाला. इकडेच ये म्हणावं. यांना उठवायला एक माणूस होईल, आणि काय म्हणतो ते ऐकूनही घेईन.”